जुनी पोकलेन तापते तेव्हा: पंप उघडण्याआधी काय काय तपासायचं

"शेठ, सकाळी मशिन पळतं, जेवणानंतर दम टाकतं." जुनी पोकलेन घेतलेल्या मालकाला हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतंच. बूम (मुख्य हात) हळू उचलतो, स्विंग (वरच्या भागाचं गोल फिरणं) जड होतो, चढावर ट्रॅव्हल (मशिनचं चालणं) मार खातं आणि हायड्रॉलिक ऑइलचा काटा लाल पट्ट्याला टेकतो. मग मिस्त्री येतो, टाकीला हात लावतो आणि निदान ठोकून देतो: पंप गेला. पंप उतरतो, आतला रोटरी ग्रुप (फिरणारा पिस्टनचा संच) बदलतो, लाखांचं बिल होतं. आठवड्याभरात दुपारी तीन वाजता काटा परत लाल.

पंप खराब असूही शकतो. पण तापण्याच्या तक्रारीत त्याचा नंबर शेवटी लावावा, कारण त्याच्या आधीच्या बहुतेक तपासण्या फुकटात किंवा दोन-चार हजारांच्या साधनांवर होतात. खाली दिलेला क्रम २० टनी वर्गातल्या, दोन मेन पंपांच्या मशिनला धरून आहे. लहान-मोठ्या मशिनला आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

उष्णता येते कुठून

इंजिनची ताकद पंपाकडून ऑइलच्या प्रेशरमध्ये जाते. ते प्रेशर सिलिंडर किंवा मोटर हलवण्यात खर्च झालं तर काम होतं. काम न करता जिथे कुठे ते प्रेशर पडतं, तिथे त्याची सगळीच्या सगळी उष्णता होते. रिलीफ व्हॉल्व्हवरून (प्रेशर ठरल्यापेक्षा वाढलं की ऑइल टाकीकडे सोडणारा व्हॉल्व्ह) सांडलेलं ऑइल, घासलेल्या स्पूलच्या (व्हॉल्व्हमधल्या सरकत्या दांड्याच्या) बाजूने निसटलेलं ऑइल, सिलिंडरच्या फाटक्या सीलमधून पलीकडे गेलेलं ऑइल, सगळ्यांचा हिशेब एकच.

हा हिशेब कागदावर मांडता येतो. प्रेशर बारमध्ये घ्या, मिनिटाला किती लिटर ऑइल निसटतं ते घ्या, दोन्हींचा गुणाकार करून ६०० ने भागा. उत्तर किलोवॅटमध्ये येतं. ३०० बारवर मिनिटाला २० लिटर गळती असेल तर १० किलोवॅट. म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायचे एक हजार वॅटचे दहा रॉड हायड्रॉलिक टाकीत सोडून ठेवल्यासारखं झालं. बाहेर मात्र ऑइलचा एक थेंबही पडलेला दिसत नाही, कारण गळती सगळी आतल्या आत आहे.

दुसरा आकडा शोधकामाला फार उपयोगी पडतो. काम न करता १०० बार प्रेशर पडलं की ऑइल साधारण सहा अंशांनी तापतं. ३५० बारवरून रिलीफमधून थेट टाकीकडे गेलेलं ऑइल त्या एका उडीत वीसेक अंश जास्त गरम होतं. गळणारा व्हॉल्व्ह त्यामुळे शेजाऱ्यांपेक्षा गरम दिसतो, आणि हे टेंपरेचर गनने बाहेरून पकडता येतं.

सकाळी ठीक आणि दुपारी बेकार, असं का होतं हेही यातच आहे. ऑइल तापलं की पातळ होतं, पातळ झालं की जास्त निसटतं, जास्त निसटलं की आणखी तापतं. चांगल्या मशिनमध्ये कूलर हे चक्र तोडतो आणि काटा कुठेतरी स्थिरावतो. ५० ते ८० अंशांत मशिन दिवसभर चाललं तर चिंता नाही. ८० च्या पुढे रोज जात असेल तर सील कडक व्हायला लागतात आणि ऑइलचं आयुष्य घटतं. दर दहा अंशांमागे ऑइल जळण्याचा वेग दुपटीच्या आसपास जातो, असा ढोबळ नियम आहे.

हाताशी काय हवं

टेंपरेचर गन, ६०० बारचं प्रेशर गेज आणि त्याचा होज, पायलट लाइनसाठी (लीव्हरचा इशारा व्हॉल्व्हपर्यंत नेणारी कमी प्रेशरची लाइन) १०० बारचं छोटं गेज, मल्टिमीटर, टॉर्च, खुणा केलेली स्वच्छ बादली, वही. त्या मॉडेलचं शॉप मॅन्युअल मिळालं तर निम्मं काम झालं, कारण प्रेशरचे आणि गळतीचे नेमके आकडे त्यातच असतात. त्यापुढे मिस्त्रीची आठवण चालत नाही.

गनबद्दल एक सावधगिरी. चकचकीत क्रोम रॉडवर, उघड्या ॲल्युमिनियमवर किंवा घासून चमकणाऱ्या पाईपवर ती तापमान कमी दाखवते. जिथे मोजायचं तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, मिनिटभर थांबा आणि टेपवर मोजा. सगळीकडे टेप, सगळीकडे सारखंच अंतर. नाहीतर दहा-वीस अंशांचा फरक मशिनमधला की रंगातला, हे कळणारच नाही.

आणि एक जिवाची गोष्ट. प्रेशरखालच्या होजला बारीक भोक असेल तर त्यातून येणारी फवार कातडीतून आत घुसते. बाहेर फक्त टाचणीएवढं टोचलेलं दिसतं, आत बोट सडायला लागतं. गळती हाताने कधीही चाचपू नका, पुठ्ठा फिरवा. तसं टोचलं तर घरगुती उपाय न करता लगेच सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा. कुठलीही लाइन खोलायच्या आधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लीव्हर सगळ्या दिशांना फिरवून प्रेशर काढा, टाकीचं झाकण हळू सैल करून हवा सोडा. नव्वद अंशांचं ऑइल अंगावर उडालं तर भाजतं, हे वेगळं सांगायला नको.

पायरी १: काटा खरं बोलतोय का

जुन्या मशिनमध्ये बऱ्याच तक्रारी काट्यापासून सुरू होतात आणि काट्यापाशीच संपू शकतात. मशिन गरम असताना टाकीच्या बाजूवर, ऑइलच्या पातळीच्या खाली टेप लावून मोजा. रिटर्न पाईपवरही मोजा. काटा किंवा मॉनिटर आणि गन यांच्यात पाच-सात अंशांचा फरक चालतो. मॉनिटर १०० म्हणतो आणि गन सगळीकडे ७० दाखवते, असं असेल तर सेन्सरकडे वळा. हा सेन्सर बहुतेक मशिनमध्ये गरम झाला की रेझिस्टन्स कमी होणारा असतो. कनेक्टर काढून ओहम मोजा, मॅन्युअलमधल्या तक्त्याशी ताडा, वायरिंग कुठे घासून बॉडीला लागलंय का बघा. हिरवट गंज चढलेली पिन साफ केली आणि तक्रार संपली, असंही होतं.

उलटं प्रकरण जास्त धोक्याचं. मशिन विकायच्या आधी कुणीतरी सेन्सरच्या वायरीत रेझिस्टर जोडून ठेवतो, किंवा बझरची वायर कापतो. काटा मस्त मधोमध, टाकीला हात लावला तर चटका. सेन्सरपासून कनेक्टरपर्यंतची वायर बोटांनी चाचपत जा. मध्येच टेप गुंडाळलेली गाठ लागली तर ती सोडून आत काय आहे ते बघाच.

पायरी २: वहीत लिहा, आणि बाहेरचं ऊन वजा करा

हे काम सगळे टाळतात, आणि सगळ्यात जास्त माहिती यातूनच मिळते. मशिन थंड असताना सुरू करा. दर १५ मिनिटांनी चार गोष्टी लिहा: सावलीतल्या हवेचं तापमान, टाकीचं तापमान, इंजिन पाण्याचं तापमान, आणि त्या वेळात मशिन काय करत होतं. निदान दोन तास.

मग टाकीच्या तापमानातून हवेचं तापमान वजा करा. महाबळेश्वरात जानेवारीत ७० अंश दाखवणारं मशिन आणि चंद्रपुरात मे महिन्यात ९० अंश दाखवणारं मशिन यांत जास्त आजारी कोण? हवा २० अंश असेल तर पहिल्याचा फरक ५०. हवा ४५ असेल तर दुसऱ्याचा ४५ च. दुसरं मशिन बिचारं धडधाकट आहे, ऊन जास्त आहे. निव्वळ काटा बघून निदान करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

वहीतल्या आकड्यांचा चढ बघा. तासाभरात चढून स्थिरावतंय पण जरा वरच्या आकड्यावर, तर कूलिंग थोडं कमी पडतंय किंवा काम जड आहे. न थांबता चढतच जातंय, तर कूलिंग बंद पडल्यासारखं आहे किंवा आत मोठी गळती आहे. दहा मिनिटांत भसकन वर जातंय, तर एखादा रिलीफ उघडा अडकलाय अशी शंका पहिली घ्या.

मालकाला एक प्रश्न विचारायलाच हवा: हे कधीपासून सुरू झालं, आणि त्याच्या आधी मशिनचं कुठलं काम झालं होतं? होज बदलले, ब्रेकर (दगड फोडायचा हायड्रॉलिक हातोडा) बसवला, रेडिएटर उतरवला, "पॉवर कमी होती म्हणून प्रेशर वाढवून घेतलं". उत्तरात बहुधा अर्धं निदान असतं.

पायरी ३: इंजिनही तापतंय का

इथे रस्ता दोन बाजूंना फुटतो. इंजिनचं पाणी आणि हायड्रॉलिक ऑइल दोन्ही तापत असतील तर दोघांचा समाईक मित्र म्हणजे हवा. फॅन, बेल्ट, जाळी, कचरा, फॅनभोवतीचं आवरण. थेट पायरी ४ घ्या. पाणी व्यवस्थित आणि फक्त ऑइल तापत असेल तरी कूलरची हवा तपासायचीच, कारण बऱ्याच मशिनमध्ये ऑइल कूलर आणि रेडिएटर शेजारी-शेजारी असतात आणि एकटा ऑइल कूलरही तुंबू शकतो. पण तेव्हा संशय ऑइलच्या बाजूला जास्त ठेवायचा.

पायरी ४: हवा

दगडखाणीवर किंवा क्रशरवर राबलेल्या मशिनचा कूलर बाहेरून बघून काही कळत नाही. समोरची जाळी रोज फुंकलेली असते, पुढचा थर स्वच्छ असतो. घाण असते मागे. एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर, ऑइल कूलर, रेडिएटर यांतले काही एकामागे एक असतात, आणि त्यांच्या मधल्या दोन बोटांच्या फटीत सगळा माल साचतो: वाळकं गवत, उसाची पाचट, बारीक चुरा. त्यात इंजिनच्या ब्रीदरचा (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीचा) तेलकट धूर मिसळला की काळा चिकट थर बनतो, तो सुकून इतका घट्ट होतो की नखानेही निघत नाही.

परीक्षा सोपी. इंजिन बंद, गार. टॉर्च फॅनच्या बाजूने कूलरच्या मागे धरा आणि समोरून बघा. फिन्समधून प्रकाश सारखा आला पाहिजे. अर्धा कूलर अंधारात असेल तर मशिन अर्ध्या कूलरवर चालतंय.

साफ करताना कंडेन्सरचे बोल्ट काढून तो पुढे सरकवा. गॅसचे पाईप न खोलता बहुतेक मशिनमध्ये तेवढी जागा मिळते. हवा नेहमी आतून बाहेर, म्हणजे घाण जिकडून शिरली तिकडे परत ढकलायची. प्रेशर दोन बारच्या आसपास ठेवा. कॉम्प्रेसरचं पूर्ण प्रेशर जवळून मारलं की फिन्स आडव्या पडतात आणि घाणीने जे केलं नव्हतं ते तुम्ही केलेलं असतं. तेलकट थराला नुसती हवा पुरत नाही: ॲल्युमिनियमला चालणारा डीग्रीझर मारा, भिजू द्या, मग साधं पाणी फिन्सना काटकोनात. सर्व्हिसिंग सेंटरची पाण्याची गन तिरकी मारणाऱ्याला कूलरजवळ फिरकू देऊ नका. आणि तेल आलं कुठून ते शोधा, नाहीतर महिन्यात थर परत बसेल.

आता फॅन. बेल्टवर चालत असेल तर ताण आणि बेल्टची चकाकी बघा. सरकणाऱ्या बेल्टच्या बाजू आरशासारख्या चकचकीत होतात. पाती तुटलेली नाहीत ना? फॅन उलटा बसवलेला तर नाही? हा प्रकार इंजिन उतरवून परत जोडलेल्या मशिनमध्ये होतो. उलटा फॅनही हवा त्याच दिशेने ओढतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण हवा खूप कमी येते. ज्या मशिनमध्ये हवा बाहेरून आत ओढली जाते तिथे फुल थ्रॉटलवर वर्तमानपत्राचं पान जाळीला चिकटून राहिलं पाहिजे. जाळीच्या चारही कोपऱ्यांत करून बघा. एखाद्या कोपऱ्यातून पान गळून पडलं की तिथे काहीतरी अडलेलं आहे. व्हिस्कस क्लचवरचा (गरम झाल्यावरच पूर्ण पकड घेणारा) किंवा हायड्रॉलिक मोटरवरचा फॅन असेल तर मशिन गरम झाल्यावर फॅनचे आरपीएम मोजून मॅन्युअलशी ताडा. तो गार मशिनमध्ये हळूच फिरतो.

शेवटी ज्याला कुणी किंमत देत नाही ते: फॅनभोवतीचं आवरण आणि कूलरच्या कडांचे फोमचे पट्टे. ते गेले की इंजिनची गरम हवा फिरून कूलरच्या तोंडाशी येते. ४० अंशांची हवा ५५ ची होऊन आत जाते आणि कूलर काहीच करू शकत नाही. फोम स्वस्त मिळतो. लावा.

पायरी ५: कूलरमधून ऑइल जातंय का

कूलरच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाईपांवर टेप लावा. मशिन तासभर कामावर असू द्या आणि दोन्हीकडे मोजा.

फरक एक-दोन अंशांचाच असेल आणि कूलरमधून निघणारी हवाही फारशी गरम नसेल, तर ऑइल जातंय पण हवा उष्णता नेत नाही. पायरी ४ वर परत. फरक खूप मोठा असेल, पंधरा-वीस अंश, आणि तरी टाकी तापतच असेल, तर कूलर ज्याला मिळतं ते ऑइल मस्त गार करतोय, पण त्याच्या वाट्याला येणारं ऑइलच थोडं आहे. म्हणजे आतून तुंबलाय, किंवा ऑइल बायपासने परस्पर टाकीत जातंय. फरक या दोन आकड्यांच्या मधला असेल तर कूलर आपलं काम करतोय. मिनिटाला १०० लिटर ऑइल दहा अंशांनी गार होत असेल तर तो सुमारे २८ किलोवॅट बाहेर फेकतोय. तरीही मशिन तापत असेल तर उष्णताच जास्त तयार होतेय, पुढच्या पायऱ्यांवर जा.

बायपास व्हॉल्व्ह कशासाठी असतो? थंडीत सकाळी घट्ट ऑइलने कूलर फुटू नये म्हणून तो प्रेशर वाढलं की उघडतो. स्प्रिंग तुटली किंवा सीटवर कचरा अडकला की तो दिवसभर उघडाच. मशिन गरम असताना बायपासचा पाईप टाकीच्या टोकालाही कूलरच्या इनलेटइतकाच गरम लागला तर त्यातून ऑइल वाहतंय. व्हॉल्व्ह काढून साफ करणं अर्ध्या तासाचं काम.

आतून तुंबलेला कूलर गनने कूलरच्या अंगावर ओळी-ओळीने मोजून सापडतो. एखादा पट्टा बाकीच्यापेक्षा स्पष्ट गार असेल तर त्या नळ्यांतून ऑइल जात नाही. याआधी पंप किंवा मोटर फुटलेली असेल तर त्याचा धातूचा चुरा कूलरमध्ये हमखास अडकलेला असतो. असा कूलर धुऊन पूर्ण साफ होईल यावर माझा विश्वास नाही. आत राहिलेला एक कण नव्या पंपाला पुरतो. बदला.

काही जुन्या मशिनमध्ये कूलर गळू लागला म्हणून होज परस्पर जोडून तो बाजूलाच काढलेला असतो, किंवा दुसऱ्या मशिनचा लहान कूलर बसवलेला असतो. पाईप हाताने मागे-पुढे शोधत गेलात की कळेल.

पायरी ६: ऑइल

पातळी मशिनच्या स्टिकरवर दाखवलेल्या अवस्थेतच बघा. बूम-आर्म कसे ठेवायचे हे मॉडेलनुसार बदलतं. कमी ऑइल म्हणजे टाकीत विसावायला कमी वेळ. काचेत दुधाळ दिसलं तर पाणी, फेस दिसला तर सक्शनमधून हवा. हवेचे बुडबुडे पंपात दाबले जाताना तापतात आणि पंपही खातात. पंपाचा आवाज खडखडा येत असेल तर सक्शन स्ट्रेनर आणि सक्शन होजचे क्लॅम्प आधी.

ग्रेडवर वाद फार चालतात. व्हीजी हा ऑइलच्या घट्टपणाचा ग्रेड. व्हीजी ४६ ऑइल ४० अंशांना सुमारे ४६ सेंटीस्टोक्स (घट्टपणाचं एकक) असतं आणि ८५ अंशांच्या आसपास दहावर येतं. व्हीजी ६८ ला त्या दहावर यायला आणखी दहाएक अंश लागतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कंपनीच्या तक्त्यात बसत असेल तर ६८ योग्यच. पण गळती लपवायला त्याहून घट्ट ऑइल भरणं म्हणजे सकाळी पंप उपाशी मारणं. बॅरलमधलं स्वस्त सुटं ऑइल आणि वेगवेगळ्या ऑइलची खिचडी, दोन्ही टाळा. जळका वास, काळसर रंग असेल तर नमुना लॅबला द्या. ४० अंशांची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) मूळच्या दहा टक्क्यांहून जास्त हललेली असेल तर ऑइल संपलं. तांबं वाढलेलं असेल तर पंप-मोटरची झीज, सिलिकॉन वाढलेलं असेल तर धूळ आत शिरतेय.

पायरी ७: काही न करता तापतंय का

कूलिंग ठीक निघालं तर ही कसोटी घ्या. ऑइल ५० अंशांवर आणा, लीव्हर न्यूट्रलला, इंजिन फुल थ्रॉटल, ऑटो आयडल (लीव्हर हलला नाही की इंजिन आपोआप मंद करणारी सोय) बंद, आणि अर्धा तास कुणी काही हलवायचं नाही. चांगल्या मशिनमध्ये तापमान थोडं वर-खाली होऊन शांत राहतं, कारण न्यूट्रलमध्ये पंप स्वतःहून कमीत कमी ऑइल देतो.

तापमान चढत गेलं तर पंप न्यूट्रललाही पूर्ण ऑइल फेकतोय. दोन पंप मिळून मिनिटाला ४०० लिटर, न्यूट्रलचं प्रेशर ३५ बार, तर २३ किलोवॅट नुसते उभ्या उभ्या. कारण पंपाच्या पोटात असेलच असं नाही. पंपाला "कमी हो" सांगणारी सिग्नल लाइन चोंदलेली, पंपाचा प्रवाह ठरवणाऱ्या रेग्युलेटरचा पिस्टन अडकलेला, प्रपोर्शनल सोलेनॉइडचा (करंटप्रमाणे इशारा कमी-जास्त करणाऱ्या कॉइलचा) करंट चुकलेला, यातलं काहीही. न्यूट्रलमध्ये दोन्ही पंपांचं डिलिव्हरी प्रेशर आणि सिग्नल प्रेशर मोजा. एक पंप बरोबर आणि दुसरा चूक असेल तर दोघांच्या सिग्नल लाइन आपसात बदलून बघा. दोष लाइनबरोबर सरकला तर पंप निर्दोष.

पायरी ८: रिलीफ, आणि गनने केलेली फेरी

आता एकेक हालचाल. एका वेळी एकच: दहा मिनिटं फक्त बूम, दहा मिनिटं फक्त स्विंग, मग ट्रॅव्हल. कुठल्या हालचालीत चढ जास्त, ते वहीत. नंतर मेन कंट्रोल व्हॉल्व्हवर (सगळ्या हालचालींना ऑइल वाटणारा व्हॉल्व्ह) टेंपरेचर गनची फेरी मारा. मेन रिलीफ, प्रत्येक पोर्ट रिलीफ (एकेका हालचालीच्या लाइनवरचा), स्विंग मोटरचे दोन रिलीफ. सगळे साधारण सारखे असतात आणि एक जण शेजाऱ्यापेक्षा दहा-पंधरा अंश वर दिसतो. तोच. खात्रीसाठी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याच्यावर ठेवून मूठ कानाला लावा. गळणारा रिलीफ सतत सीऽऽ आवाज करतो. शेजारच्या सेक्शनचा तसाच रिलीफ आपसात बदलून बघा, पण दोघांचं सेटिंग मॅन्युअलमध्ये सारखं असेल तरच.

प्रेशर मोजायचं ते ऑइल ५० अंशांच्या आसपास असताना. या वर्गातल्या बऱ्याच मशिनचा मेन रिलीफ ३५० केजीच्या (किलो प्रति चौरस सेंटीमीटर, सुमारे ३४३ बार) जवळपास असतो. कमी सेट असेल तर जरा जोर लागला की उघडतो आणि दिवसभर सांडतो. "पॉवर वाढवून देतो" म्हणून कुणी जास्त पिळून ठेवला असेल तर होज, सील आणि पंप तिन्ही जास्त ताणावर चालतात आणि जिथे गळती आहे तिथली उष्णता वाढते. मॅन्युअलचा आकडा सोडून रिलीफचा स्क्रू फिरवू नये. हा स्क्रू या धंद्यात सगळ्यात जास्त गैरवापर झालेला भाग आहे.

ऑपरेटरही बघा. सिलिंडर टोकाला पोहोचल्यावरही लीव्हर धरून ठेवणारा, खडकात बकेट रुतवून मशिन किंचाळत ठेवणारा ऑपरेटर धडधाकट मशिनही तापवतो. दोन तास दुसरा ऑपरेटर बसवा आणि वही तपासा.

पायरी ९: सिलिंडर, मोटर, आणि मग पंप

बूम उचलून, बकेट भरून, इंजिन बंद करून सिलिंडर किती मिलिमीटर उतरतो ते मॅन्युअलमधल्या वेळात मोजा. मशिनखाली कुणी नसावं. जास्त उतरत असेल तर दोष सिलिंडरच्या सीलचा की व्हॉल्व्हचा, हे होज खोलून ब्लँक मारून (तोंड प्लगने बंद करून) वेगळं करा. स्विंग आणि ट्रॅव्हल मोटरची केस ड्रेन लाइन (आत निसटलेलं ऑइल टाकीत नेणारी लाइन) काढून, मोटर लॉक करून, बादलीत मिनिटाला किती लिटर येतं ते मोजा. मोटरच्या केसचं तोंड कधीही बंद करायचं नाही, शाफ्ट सील उडतो. फक्त ट्रॅव्हल करताना तापत असेल तर सेंटर जॉइंटचे सील विसरू नका; वरच्या फिरत्या भागातून खाली ट्रॅककडे ऑइल याच जॉइंटमधून जातं, आणि सील गेले की एका लाइनचं ऑइल आतल्या आत दुसरीत निसटतं.

इतकं सगळं ठीक निघालं तरच पंपाची केस ड्रेन मोजायची. ढोबळ हिशेब असा की पंपाच्या पूर्ण प्रवाहाच्या पाच टक्क्यांपर्यंत ड्रेन चालतं, दहाच्या पुढे गेलं की पंप उतरवायची वेळ आली. दोन पंपांचं ड्रेन एकत्र येत असेल तर एकेका पंपावर लोड देऊन फरक बघा. ड्रेनच्या ऑइलमध्ये पिवळी चमक दिसली तर ब्राँझ सुटतंय, मग टक्केवारीचीही वाट बघू नका.

ब्रेकरवर तापणारं मशिन

आपल्याकडचा काळा पाषाण फोडायला, विहिरीला, पायाला पोकलेनला ब्रेकर लागतोच, आणि तापण्याच्या तक्रारींत ब्रेकरवाली मशिन पुढे असतात. बकेटवर दिवसभर ठीक आणि ब्रेकर लावला की तापतं, असं असेल तर वरच्या बऱ्याच पायऱ्या सोडून थेट ब्रेकरची पाइपिंग बघा.

पहिलं, रिटर्न कुठे जातं. ब्रेकरचं रिटर्न कंट्रोल व्हॉल्व्हमधून परत फिरवलेलं असेल तर मागचं प्रेशर वाढतं, ब्रेकरचे ठोके मंद होतात आणि ऑइल तापतं. म्हणून ते वेगळ्या जाड लाइनने न्यायची पद्धत आहे. पण ती लाइन कूलर टाळून थेट टाकीत जोडली असेल तर ब्रेकर चालू असताना बरंचसं ऑइल कूलर बघतच नाही. काही मशिनमध्ये कंपनीनेच ती थेट दिलेली असते. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये मात्र फिटरला जिथे जागा सापडली तिथे ती जाते. मशिनच्या मॅन्युअलमधला सर्किट बघून जोडणी ताडा, आणि ब्रेकर चालू असताना रिटर्नचं प्रेशर मोजून ब्रेकरच्या पुस्तकातल्या मर्यादेशी जुळवा.

दुसरं, प्रवाह. ब्रेकरला मिनिटाला १५० लिटर हवे आणि मशिन २०० देतंय, तर वरचे ५० लिटर रिलीफवरून सांडतात. २०० बारला ते सुमारे १७ किलोवॅट होतात. मॉनिटरवरचा ब्रेकर मोड, त्यातला फ्लो, आणि ब्रेकर लाइनचा रिलीफ हे तिन्ही त्या ब्रेकरच्या मापाचे हवेत. ब्रेकर बदलला की सेटिंगही बदलावं लागतं. रिलीफ ब्रेकरच्या चालू प्रेशरला चिकटून सेट असेल तर तो प्रत्येक ठोक्याला उघडतो.

तिसरं, एकाच जागी मिनिटभर ठोकत बसणं. पंधरा-तीस सेकंदांत दगड चिरला नाही तर जागा बदलायची. ब्रेकरवरच्या मशिनचं ऑइल आणि फिल्टर बकेटच्या मुदतीवर चालवू नका. मॅन्युअलमध्ये ब्रेकरच्या कामासाठी कमी तासांचा वेगळा तक्ता असतो, तो धरा.

जुनं मशिन घेताना

विकणारा सकाळी बोलावतो, दहा मिनिटं बूम-स्विंग दाखवतो, चहा मागवतो. थंड ऑइलवर सगळी मशिन चांगलीच वाटतात. दुपारी जा. मशिन आधीपासून चालू करून ठेवू नका असं सांगा, आणि दीड तास खऱ्या कामावर चालवून वहीतली पद्धत तिथेच वापरा. टाकीचं आणि हवेचं तापमान, दर १५ मिनिटांनी. गरम झाल्यावर बूम उचलायला लागणारे सेकंद मोजा आणि थंड असतानाच्या सेकंदांशी ताडा. अंतर मोठं असेल तर आतली झीज तिथेच बोलते.

रंग ताजा असलेला कूलर, जादा बसवलेला दुसरा कूलर, सेन्सरच्या वायरीतली गाठ, नुकतंच भरलेलं एकदम नवंकोरं घट्ट ऑइल: यातलं काही दिसलं तर भाव ठरवण्याआधी कारण विचारा आणि बिल मागा. टाकीच्या तळाचा ड्रेन प्लग सैल करून पेलाभर ऑइल पांढऱ्या फडक्यावर घ्या आणि धातूची चमक दिसते का बघा. दीड तासाची चाचणी, ऑइल फडक्यावर काढून दाखवणं, गनने कंट्रोल व्हॉल्व्हची फेरी, यांना विकणारा नाही म्हणाला तर पंप, कूलर आणि ऑइल या तिन्हींचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करा.